इंजिन गार होईपर्यंत

जुन्या गाड्यांच्या त्या दुकानात प्रश्न बायको विचारत होती आणि उत्तरं मात्र मला मिळत होती. "टायमिंग बेल्ट कधी बदललाय?" असं तिनं विचारलं की मालक माझ्याकडे वळायचा. "साहेब, डॉक्टरांची गाडी आहे. सकाळपासून जागची हललेली नाही." पुढचा बंपर नवा का दिसतोय, यावर तो म्हणाला, "साहेब, चहा सांगू ना?"

ती चिडली नाही. तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा तिनं बॉनेटवर तळहात ठेवला. सावलीतल्या त्या गाडीचं बॉनेट चांगलंच गरम होतं. गार इंजिन चालू होताना खोकतं, धूर सोडतं, खरं काय ते सांगून टाकतं. म्हणून मालकानं आम्ही यायच्या आधीच ते तापवून ठेवलं होतं.

आपणही एकमेकांना असेच भेटतो की! आवाज मऊ करून, हसू तयार ठेवून. गार असताना माणूस कसा आहे हे बघायचं तर थांबावं लागतं, आणि थांबायचा आपल्याला कंटाळा.

"चहा घेते," असं म्हणून ती खुर्ची ओढून गाडीसमोर बसली. "इंजिन गार झालं की चालू करून बघू."

"साहेब, फार वेळ जाईल. तुम्ही तरी सांगा ना!"

मी दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसलो.

चहा संपला. कपही वाळले. शेवटी मालकानं स्वतःसाठी खुर्ची आणली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, काय विचारत होता तुम्ही?"