एकूण एक ड्रायव्हर फिट

नोकरी सोडताना लोक भिंतीवरचं घड्याळ नाहीतर फुलदाणी घेऊन घरी येतात. हडपसरच्या दवाखान्यातलं रिसेप्शन सोडताना मी किस्से घेऊन आले. आता ठेवायला जागा पुरत नाही, म्हणून सांगते!

तेव्हा आयटी पार्क उभे राहत होते. कंपनीच्या गाडीवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला दरवर्षी फिटनेसचा दाखला लागायचा. गाड्या पुरवणारा एजंट फॉर्मांचा गठ्ठा आणायचा आणि आमचे डॉक्टर फोनवर क्रिकेटच्या गप्पा मारत सह्या ठोकायचे.

पहिल्याच दिवशी मी भाबडेपणानं विचारलं, "अहो, माणसं कुठायत?"

एजंट म्हणाला, "ताई, माणसं इथं बसवली तर गाड्या कोण चालवणार?"

बिनतोड! मी मुकाट्यानं शिक्के मारले.

*

फॉर्मवर बीपी मी लिहायचे. एकशेवीस-ऐंशी, सगळ्यांना तेच. एकदा कंपनीच्या एचआर मॅडम ऑडिटला आल्या आणि अख्खा गठ्ठा चाळत बसल्या.

"व्हेरी कन्सिस्टंट!" मॅडम म्हणाल्या. "फक्त या एकाचा फोटो वाकडा चिकटलाय."

फोटो मी सरळ केला. एवढी काटेकोर तपासणी त्या दवाखान्यात पुन्हा कधी झाली नाही.

*

लोणी काळभोरचा एक ड्रायव्हर दाखला न्यायला स्वतः आला होता. मी गंमत म्हणून कॅलेंडर दाखवलं, "यातला तांबडा रंग कुठला?"

"त्यो आपल्याला वळखू येत न्हाई."

"मग सिग्नलला काय करता?"

"वरचा लागला की थांबायचं, खालचा लागला की निघायचं."

"आणि उन्हात दिसलाच नाही तर?"

"म्होरची गाडी हालली की आपण हालायचं!"

म्होरच्या गाडीकडेही आमचाच दाखला असणार, हे मी त्याला सांगितलं नाही.

*

वाघोलीचे भानुदासमामा मात्र खरंच तपासून घ्यायला आले. पन्नाशीचा सरळ माणूस. म्हणाले, "डॉक्टर, डाव्या डोळ्यानं धुरकट दिसतंय. जरा बघता का?"

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "तुमचा फॉर्म आला होता ना? सही झालीय. तुम्ही फिट आहात!"

मामा दाराची कडी चाचपत बाहेर पडले. मला डॉक्टरांचा भयंकर राग आला. पण त्या फॉर्मवरचा शिक्का माझ्याच हातचा होता.

*

पुढे डॉक्टरांची लेक आयटीत लागली. दवाखान्याच्या वरच घर. पहिल्या दिवशी सकाळी मी शटर उघडत होते, तेवढ्यात कंपनीची गाडी आली. मागे दोन मुली आधीच बसलेल्या. डॉक्टर कौतुकानं लेकीला सोडायला खाली उतरले, गाडीचं दार उघडलं आणि ड्रायव्हरकडे पाहतच राहिले. भानुदासमामा!

"अहो, तुमच्या त्या डोळ्याचं काय झालं?"

"काय व्हायचंय? तसंच हाय. तुम्हीच म्हणालात, फिट हाय म्हणून."

डॉक्टर लेकीला म्हणाले, "खाली उतर. मी सोडतो तुला."

लेक बावचळून उतरली. डॉक्टरांनी स्कूटर काढली आणि तिला मागे बसवलं. मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"डॉक्टर, मग ह्या दोघींचं काय करू?"

डॉक्टर किक मारत म्हणाले, "न्या की! तुम्ही फिट आहात."