टरबुजाच्या गाडीचं डोकं

गॅरेजात दोनच गोष्टी साचतात राजेहो, जळलेलं ऑइल अन् किस्से. ऑइल न्याले भंगारवाला तरी येते, किस्से न्याले कोणी येत नाई! इथी अमरावतीत, शकूरभाईच्या गॅरेजात, मी अठरा वर्षांपासून गाड्यांची वायरिंग करून राहिलो. आता किस्से इतके झाले का अर्धे आपसातच मिसळून गेले. पण दादारावच्या पिकअपचे मी अलग ठेवले हायेत.

दादाराव म्हणजे टरबुजं वाहणारा माणूस. पिकअप एकच, पण चालवे अशी का मांगं पोलीसच लागले! अन् या उन्हाळ्यात थे गाडी तापली का भर रस्त्यात बंद पडे, थंड झाली का आपोआप चालू. शेवटी घरी सुमनवहिनीनं सांगून टाकलं, "चालते तं जीव घेते, थांबते तं इज्जत घेते. रविवारी माहा भाऊ येऊन राहिला चांदूर रेल्वेहून. गाडी त्याले देऊन टाका अन् तुमी त्याच्या किराणा दुकानात बसा!"

दादाराव आमच्यापाशी रडकुंडीले आला. "बाळूभाऊ, आता मी साळ्याच्या दुकानात जिऱ्याच्या पुड्या बांधू का? काई तं करा!"

सोमवार होता. हाती सहा दिवस.

*

"आतापर्यंत काय काय बदलवलं?" शकूरभाईनं विचारलं.

"डिझेल फिल्टर बदलवला, बॅटरी बदलवली, सीट कव्हर बदलवले."

"सीट कव्हर काहून?"

"दुकानदार म्हणे, एवढं करूनच राहिले तं!"

मी स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरसंग बोलणारं मशीन. इंजिनले डिझेल किती द्याचं, कव्हा द्याचं, हे सगळं पत्र्याचा एक चपटा डबा ठरवते. शकूरभाई त्याले गाडीचं डोकंच म्हणते. थंड होतं तवरक डोकं नीट बोललं. तापल्यावर स्कॅनर नुसता कोरा.

"काय म्हणते?" दादारावनं विचारलं.

"काईच नाई. गाडी बोलून नाई राहिली."

"सुमनही तीन दिवसांपासून नाई बोलून राहिली. दोघींनी मिळून ठरवलेलं दिसते!"

*

डोकं बिघडलं का वायर, हे पक्कं कराचं होतं. अशा वेळी डबा मुद्दाम गरम करून पाहा लागते. गॅरेजची हीट गन जळलेली, म्हणून मी बाजूच्या ब्यूटी पार्लरमधून हेअर ड्रायर आणला. "दोन मिनिटात देतो ताई," म्हटलं अन् बसलो डब्याले हवा देत.

इंजिन चालू होतं. तीन मिनिटात फट्कन बंद! ओला फडका ठेवला, चालू. पुन्हा ड्रायर, पुन्हा बंद. शकूरभाईनं टाळी वाजवली, "पकडा गया!"

मांगं पाहतो तं पार्लरवाली ताई उभी. अन् तिच्या मांगं, केसातून पाणी टपकत, एक नवरी! नवरीनं ड्रायरकडे पाह्यलं, पिकअपकडे पाह्यलं अन् म्हणे, "काहो, इचं लग्न माह्या आधी हाये का?"

*

आता या किश्श्यात थोडी चूक आमचीही हाये. आमी दादारावले सांगतलं, "डोकं तापलं का गाडी बंद पडते. दुसरं डोकं भेटत नाई तवरक गाडी उभी ठेव." बावानं अर्धंच ऐकलं.

बुधवारी भर दुपारी, डांबर चपलेले चिकटे असं ऊन, अन् दादाराव मोर्शीहून टरबुजं घेऊन एका दमात आला. कुठीच थांबला नाई म्हणे! छाती फुगवून त्यानं बोनेट उघडलं. डोक्याच्या चहूबाजूनं घरच्या कूलरची गवताची ताटी बांधलेली, अन् वरून सलाईनची बाटली लटकवलेली. टप टप पाणी चालू!

"वहिनीनं कूलरची ताटी काढू देल्ली?" मी विचारलं.

"मांगच्या बाजूची काढली. तिले अजून समजलं नाई."

शकूरभाई तोंड उघडणार, तेवढ्यात पाणी आत शिरलं. डब्यातून चट् आवाज आला, थोडासा धूर आला अन् गाडी कायमची गप झाली.

शकूरभाईनं ताटी वर करून पाह्यली. "गेलं," म्हणे. "पण थंड डोक्यानं गेलं!"

*

नवं डोकं मागवाचं तं महिना लागे. अकोल्याले जुन्या पार्टचा एक दुकानदार माह्या ओळखीचा होता. गुरुवारी मी अन् दादाराव एसटीनं निघालो. मेलेलं डोकं त्यानं दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर घेतलेलं.

बाजूच्या मावशीनं विचारलं, "काय हाये गा त्याच्यात?"

"डोकं," दादाराव म्हणे, अन् खिडकीबाहेर पाहत राहिला.

मावशी मूर्तिजापूरपर्यंत उभ्यानं गेली!

दुकानात तसंच डोकं भेटलं, नंबरही जुळला. पण दादाराव सोयरीक जमवाले आल्यासारखा चौकश्या कराले बसला. "आधी कोणाच्या घरी होतं? थे गाडी कायनं वारली? स्वभावानं कशी होती?"

दुकानदारानं जराही तोंड वाकडं केलं नाई. "शाळेची व्हॅन होती," म्हणे. "उभ्या उभ्या अंगावर निंबाचं झाड पडलं. बिचारीची काईच चूक नाई. एकदम शरीफ!"

दादारावचे डोळे भरून आले. "हेच बांधून द्या."

शुक्रवारी डबा बसवला. दुसऱ्या गाडीचं डोकं आपल्या किल्लीले ओळखत नाई, म्हणून लॅपटॉप लावून ओळख करून देल्ली. गाडी पहिल्या झटक्यात चालू! तापवली, तरी बंद पडली नाई. गल्लीतल्या गल्लीत दोन चकरा मारल्या अन् शकूरभाईनं पेढे वाटले. हायवेवर कोणी नेलीच नाई.

*

रविवारी नऊ वाजता वहिनीचा भाऊ, प्रमोद, किल्ली घ्याले गॅरेजवर हजर. दादारावसंग आलेली वहिनी त्याले म्हणे, "थांब जरा. आमी रिद्धपूरले दर्शन घेऊन येतो. एकदाही बंद पडली, नाई तं एकदाही ह्यायनं पळवली, तं किल्ली तुही."

दोघं गेले. दीड तासात येणारा दादाराव, तीन तास झाले तरी पत्ता नाई! शकूरभाई तोंड पाडून म्हणे, "पडली बंद." प्रमोदनं आमची पाठ थोपटली. मले तं रडूच येऊन राहिलं होतं राजेहो.

मंग गाडी आली. वहिनी उतरली, डोळे ओले.

"प्रमोद, तू जाय घरी. गाडी नाई देत! अख्ख्या रस्त्यात ह्यायचा काटा चाळीसच्या वर गेला नाई. दुधाच्या मोटरसायकली समोर गेल्या, एक ट्रॅक्टर समोर गेला, तरी हे हूं का चूं नाई. बारा वर्षात पहिल्यांदा माह्या शब्दाचा मान ठेवला!"

दादारावनं मले बोनेटच्या आड ओढलं. माणूस घामानं चिंब. "बाळूभाऊ, मी ॲक्सिलेटर पार पत्र्याले टेकवून ठेवला होता! पाय आखडला माहा!"

तवा माह्या ध्यानात आलं. शाळेच्या गाडीले चाळीसचा लगाम असते, अन् थो लगाम त्या डब्यातच असते. "पाच मिनिटाचं काम हाये, आत्ता काढतो," म्हणून मी लॅपटॉप उघडला.

तेवढ्यात वहिनीनं आवाज देल्ला, "अवो, उद्यापासून मी बी येत जाईन फेरीले. एवढ्या वर्षात तुमच्या बाजूले बसून रस्ता कधी पाह्यलाच नाई. डोळे मिटूनच बसे!"

दादाराव तिच्याकडे पाहत राहिला. मंग त्यानं हळूच माहा लॅपटॉप बंद केला.

दोघं निघाले. गल्लीच्या तोंडाशी सायकलवरचा एक म्हातारा त्यायच्या बाजूनं समोर निघून गेला. वहिनीनं खिडकीतून मुंडकं काढलं अन् वरडली, "ओ बुढेबाबा, जराक हळू चालवा!"