आठवा फर्मा

"पान एकशे बारा. उलटलं. पान एकशे एकोणतीस! ताई, मधली सोळा पानं काय उंदरांनी नेली?"

"उंदरांनाही चव असते, साहेब. त्यांनी नसती नेली."

"थट्टा नको. संध्याकाळी प्रकाशन आहे. पाचशे प्रती, आणि पाचशेच्या पाचशे प्रतींत आठवा फर्मा नाही! एखादीत राहिला असता तर मी समजलो असतो. चुकतं माणसाचं."

"चुकलं नाही. मी काढला."

संपादक मटकन खुर्चीत बसायला गेले, खुर्चीत खळीचं पातेलं दिसलं, तसेच अर्ध्यातून उठले.

बाइंडरबाई मात्र टेबलाशी उभी होती तशीच उभी. एक मोठा कागद घड्या घालून सोळा पानांचा करायचा, तो एक फर्मा. असे फर्मे एकावर एक रचायचे, दाभणाने भोकं पाडून शिवायचे, पाठीला खळ, वर पुठ्ठा. एकोणीस वर्षं ती पुस्तकाच्या दुकानामागच्या याच खोलीत हे करत आली. दुकान काकांचं. काका गेल्या थंडीत गेले.

काकांवर गावाचा जीव. गिऱ्हाइकाच्या हातातलं पुस्तक काढून घेणारा दुकानदार कुणी पाहिलाय? "हे नका नेऊ, खुनी तिसाव्या पानावरच कळतो. हे न्या. झोप उडाली नाही तर परत आणा." रहस्यकथा लिहिणारे सगळे त्यांच्या ओट्यावर बसून मोठे झालेले. म्हणून त्यांच्या आठवणीत हा संग्रह: चौदा लेखक, चौदा खून, सगळे पुस्तकांच्या दुकानात. एकाला शिडीवरून ढकललेलं, एकाचा गळा पार्सलच्या सुतळीने आवळलेला, एकाच्या टाळक्यात शब्दकोश. विक्रीतून जे येईल ते घरी मार खाऊन बाहेर पडलेल्या बायकांच्या निवाऱ्याला.

"तेरा मुडदे मुकाट शिवलेत," संपादक म्हणाले, "आणि माझाच तेवढा टोचला?"

"तुमच्या गोष्टीतली बाई बाइंडिंग करते."

"करते. मग?"

"नवरा गॅरेजात मेकॅनिक. तिचा हात दाराच्या फटीत धरून दार आपटतो. एकदा नाही, तीनदा. हाड मोडल्याचा आवाज ऐकून थांबतो." बाईने बाही वर सारली. उजव्या मनगटाचं हाड वाकडं जुळलेलं होतं, कातडीखाली सुपारी ठेवल्यासारखं. "पान एकशे सोळा."

संपादकांनी मनगटावरची नजर हातातल्या पुस्तकाकडे वळवली. पण लेखकच तो, सबब तयार होती.

"काकांनी सांगितलं होतं मला. खूप वर्षांपूर्वी. नाव कुठे घातलंय तुमचं? आणि ताई, निवाऱ्यासाठीच्या पुस्तकात अशी एक तरी खरी गोष्ट..."

"खरी?"

"खरीच की! शेवट तेवढा माझा. ती मरते."

"सोळा पानं मार खाते आणि मरते. एकदाही हात उचलत नाही. तुमच्या बाईला हात नाहीत का, साहेब?"

"तिला न्याय मिळतो की शेवटी! दुकानदार त्या नराधमाच्या हातून नटबोल्टचा लोखंडी पान्हा हिसकावतो..."

"वाचलंय मी."

वाचलं होतं, म्हणूनच काढलं होतं. घडलं होतं ते असं.

ती मोडका हात गळ्यात बांधून या दुकानात आली तेव्हा काकांनी एक शब्द विचारला नाही. मागची खोली उघडून दिली. प्लास्टर निघाल्यावर फाटक्या पुस्तकांचा ढीग पुढ्यात टाकला. म्हणाले, "शिव. हाताला व्यायाम." बाराव्या दिवशी, भर दुपारी, नवरा आला. शटर अर्धं खाली ओढलं. हातात हातभर लांबीचा पान्हा.

पहिल्या फटक्यात काचेचं कपाट. दुसऱ्यात तिचा खांदा. गळ्याजवळचं हाड काडीसारखं मोडलं. ती टेबलावर आडवी पडली. "घरी चल, तिकडे पुरं करतो," म्हणत त्याने डावा पंजा टेबलावर टेकला आणि उजव्याने पान्हा पुन्हा उचलला. तिच्या मुठीत दाभण होतं, दोऱ्यासकट. तिने ते त्या पंजात खुपसलं. सगळा जोर लावून, पंजातून आरपार, खालच्या लाकडात. तो गुरासारखा ओरडला. पान्हा पडला. तिने तो उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. पुन्हा घातला. तो "बस, बस" म्हणत होता. तिनेही कितीदा म्हटलं होतं, बस. तिसरा घाव गरजेचा नव्हता. तो तिने फक्त स्वतःसाठी घातला.

आणि काका?

काका काउंटरखाली होते. जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांमागे, गुडघे पोटाशी घेऊन. सगळं संपल्यावर रांगत बाहेर आले. केसांत जळमटं, पायजमा ओला, दातखीळ बसलेली. ती सुटल्यावर एवढंच बोलले, "मला उठताच आलं नाही गं."

पोलिसांनी विचारलं, "याला कुणी मारलं?" काकांनी तोंड उघडलं. तिने त्यांचा ओला पायजमा पाहिला आणि आधीच बोलून गेली, "दोघांनी."

खोटं सुरू झालं ते तिच्याच तोंडून.

नवरा तुरुंगात गेला, सुटल्यावर दुसऱ्या गावी गेला, पुन्हा फिरकला नाही. गोष्ट मात्र दुकानातच राहिली. पहिली दोन वर्षं काका म्हणायचे, "आम्ही दोघांनी लोळवला त्याला." मग, "पान्हा मी हिसकावला." मग, "ही बिचारी कोपऱ्यात थरथरत होती." मागच्या खोलीत ती शिवत असायची आणि ऐकायची. दर सांगण्यात तिचा एकेक हात कमी व्हायचा. कधी उठून बोलावंसं वाटे. पण याच माणसाने तिच्या विषमज्वरात एकवीस दिवस उशाशी बसून पेज भरवली होती. त्या दुपारनंतर मरेपर्यंत तो दाराकडे पाठ करून कधी बसला नाही. भित्रा नव्हता तो; एकदा भ्यायला होता. तेवढं एकदा कुणाला कळू नये म्हणून तो एकोणीस वर्षं बोलत राहिला, आणि ती गप्प राहिली.

तोंडी होतं तोवर ठीक होतं. छापलं की कायमचं होतं. त्यातही तिला मारून टाकलेलं.

"बाई जिवंत ठेवा," ती आता म्हणाली. "तिच्या हातात दाभण द्या. त्याच्या पंजात घालू दे. मग शिवते."

"आणि दुकानदार काय करतो तेव्हा? नुसता बघत बसतो? अहो, पुस्तक त्यांच्या नावाचं आहे!" संपादकांचा आवाज चढला. "समोर त्यांची बहीण बसणार, सगळं गाव बसणार. तुमचा मान राखतो मी, पण ज्या माणसाने तुमच्यासाठी जीव धोक्यात घातला, त्याच्याच पुस्तकातून त्याचीच मर्दुमकी कापायची? याला कृतघ्नपणा म्हणतात, ताई!"

बाईने टेबलाची कड धरली. ओठ हलले. क्षणभर वाटलं, आता बाहेर येणार सगळं.

संपादकांच्याही काहीतरी लक्षात आलं. रहस्यकथा लिहीत आयुष्य गेलेलं. एवढं तरी कळणारच. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"एक मिनिट. दाभण पंजात... हे काकांनी मला कधी सांगितलंच नाही." ते टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आले. "ताई, इकडे बघा. ते नक्की तुम्ही केलंत?"

ती बघत नव्हती.

"मग काका कुठे होते?"

बाईने एप्रनची गाठ सोडली. एप्रन खुंटीला लावला, सारखा केला. चपला पायात सरकवल्या.

"मी काय विचारतोय? त्या दुपारी काका कुठे होते, ताई?"

दुकानात काकांच्या फोटोला लावायला कुणीतरी हार घेऊन उभं होतं. बाईने वाट काढली आणि ती उन्हात चालायला लागली.