आबांची पायरी आणि ऑस्ट्रेलियाची पाहुणी

खोटं बोलायचं तर माणसानं पुरावा तरी लपवावा. मी आबांच्या पायरीवर उभा राहून एलेनीला इंग्रजीत सांगितलं, माझे पाय घाण आहेत, म्हणून आत येत नाही. पाय नुकतेच नळावर धुतलेले. पाणी निथळत होतं. तिनं पायांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझं वय चोपन्न, कारखान्यात तीस वर्षं काढलेली, सुपरवायझर. आणि खोटं हे असलं.

एलेनी आमच्या मुलीबरोबर मेलबर्नच्या हॉस्पिटलात नर्स आहे. भारत बघायला आली, तर मुलीनं फोनवर बजावलं, बाबा, तिला आपलं गाव दाखवा. म्हणून लोणावळ्याहून तिला तिकोणा पेठेला नेलं. गड उतरून आलो तर आबा दारातच उभे. गावातलं मोठं घर त्यांचं.

"या मॅडम, जेवून जावा," म्हणत तिला थेट चुलीपाशी नेलं. देव्हाऱ्याशेजारी पाट मांडला. तिचे आजोबा ग्रीसहून बोटीनं ऑस्ट्रेलियाला गेलेले, नवरा व्हिएतनामी, घरात सगळं म्हणजे सगळं खातात. हे तिनंच मला गाडीत सांगितलेलं. आबांनी तिला काही विचारलं नाही.

मला कुणी अडवलं नाही. हे लिहायलाच लाज वाटते. पाय आपोआप थांबले. आबा आतून म्हणाले, "तू काय, आमचाच हाईस. बस तितंच वाऱ्याला."

वाऱ्याला. माझा बाप तिथंच बसायचा. ओंजळ धरायचा, वरून पाणी पडायचं. आजोबा छप्पन साली बौद्ध झाले. पायरी तीच राहिली. बाप जाऊन वीस वर्षं झाली, पण त्या दुपारी तो तिथं होता. दिसला नाही. शेजारी कुणीतरी अंग चोरून सरकलं आणि मला जागा करून दिली, एवढंच. तेव्हापासून तो कुठल्याही दारात असतो. बँकेच्या, डॉक्टरच्या. मी आत पाऊल टाकायच्या आधी सरकतो.

आत एलेनीच्या पुढ्यात स्टीलचं ताट. आबांच्या सुनेनं माझ्यापुढं कागदी प्लेट आणून ठेवली, खाली, हात लांबूनच मागं घेत. मी उठलो.

"न्हाई जेवायचं, आबा."

"का रं?"

"पोट भरलंय."

हे दुसरं खोटं.

परतताना गाडीत एलेनीनं विचारलंच. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. बापाचंही. ती म्हणाली, तिची आई शाळेत डबा उघडायची तेव्हा पोरं नाक मुरडायची. आज तेच पदार्थ लोक हॉटेलात मागून खातात. आता सगळे एकाच टेबलावर बसलेत असं सांगतात तिच्या देशात. पण ती जमीन मुळात ज्यांची, ते तिथले आदिवासी अजून बाहेरच आहेत. हे सांगताना ती खिडकीबाहेर बघत होती.

मी समजत होतो, मुलगी पायरी नसलेल्या देशात गेली.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, जरा छाती काढूनच. प्लेट नाकारली, खरं काय ते पाहुणीला सांगितलं, आता पुन्हा त्या पायरीवर बसणार नाही. ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत.

"परक्या बाईला सांगितलंत, ते सोपं होतं," ती म्हणाली. "आबांना मराठीत सांगायचं राहिलंय. रविवारी जाऊ. मी पुढं होते, तुम्ही मागनं आत या."