हवेला वाट करून देणारी

लातुरात आता आमच्या घरी मोटर आहे. बटण दाबलं की पाणी वर जातं. मला मात्र अजून ते उन्हाळे आठवतात. गल्लीत टँकर यायचा, घरोघरचे निळे ड्रम भरायचे. ओट्यावरच्या उंच ड्रममधून खालच्या घागरीत पाणी काढायला नळी लागे, आणि ती तोंडानं ओढून चालू करायचं काम अख्ख्या गल्लीत आईचं. बाकीच्या बायकांचा एक तर दम पुरत नसे, नाहीतर घोटभर पाणी घशात जाऊन ठसका लागे. आई एकच लांब श्वास ओढायची आणि पाणी ओठांशी यायच्या आत नळी घागरीत सोडायची. ती किनवटकडच्या खेड्यातून आलेली, शाळा बेताची, बोलणं त्याहून बेताचं. गल्लीत तिला मान होता तो या एका गोष्टीमुळं, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

सातवीत सरांनी हवेचा दाब शिकवला. मी दप्तरासकट धावत घरी आले. शेजारची खाला नळी चालू करायला आईला बोलवायला आली होती. मी दोघींसमोर अक्कल पाजळली.

"आई, पाणी तू ओढतच न्हाईस! तू नुसती नळीतली हवा काढून घेतीस. ड्रममधल्या पाण्यावर बाहेरची हवा दाबती, तीच त्याला नळीत ढकलती."

"मंग हवेलाच बोलवा की," आई म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. तिचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं. पण विज्ञान खरं होतं, त्याला मी तरी काय करणार?

खाला स्वतःच नळी ओढून बघायला घरी गेली. जरा वेळानं तिच्या घरातून ठसक्यावर ठसके ऐकू यायला लागले. मग ती पुन्हा दारात, पदर भिजलेला, डोळे लाल.

"काय गं पोरी," ती माझ्यावरच खेकसली, "हवा तर आमच्या घरी बी लई हाय. ढकलून तर न्हाई राहिली! पाठव तुझ्या अम्मीला."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "हिच्याकडं बघ, करपू देऊ नको," म्हणत ती पिठाचे हात पुसत निघाली.

थोड्याच वेळात भिंतीपलीकडून घागरीत पाणी पडल्याचा आवाज आला, आणि मागोमाग आईचा. जमलेल्या बायकांना ती सांगत होती, "मी ओढत न्हाई बरं का, हवा ढकलती. पण तिला वाट करून द्यावी लागती."

इतक्या मोठ्यानं बोलताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.