पंजाबराव पाटलांची विसंगती

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. मलकापूरच्या कचेरीतून पंजाबराव पाटील 'विसंगती' हा शब्द घेऊन आले आणि गावाची पंचाईत झाली. एका वकिलानं तो साक्षीदाराच्या अंगावर फेकला होता. साक्षीदार जागच्या जागी गार. दोन सांगणी जुळली नाहीत की कोणीतरी खोटं बोलतंय, असा अर्थ पाटलांनी परस्पर लावला. माकडाच्या हाती कोलीतच! बायको म्हणाली भाजीत मीठ आहे, सून म्हणाली नाही, झाली विसंगती. माणूस वाईट नव्हता, पण हौस भारी.

अशात गुरुवारी रात्री शालिग्रामची कडब्याची गंजी जळाली. संशय यूसुफवर आला, कारण बांधावरून दोघांचं वाजलं होतं. पाटलांनी यूसुफला आणि त्याच्या आईला, सुगराबीला, वेगवेगळं विचारलं.

"गुरुवारी राती घरीच होतो," यूसुफ म्हणाला.

"जुम्म्याच्या राती पोरगा घरीच होता, पाटील," सुगराबी म्हणाली. "गेलेल्या बापाच्या नावानं फातेहा देल्ला त्यानं."

जुम्मा म्हणजे शुक्रवार. पाटलांचे डोळे चमकले. "विसंगती!" यूसुफला मलकापूरच्या चौकीवर धाडायचं ठरलं.

"मी खोटं नाई बोलली," एवढंच सुगराबी म्हणत राहिली.

खरं तर पाटलांनी इथं उठायचं. पण माणूस जात्याच चौकस. पोराला वाचवायचं तर म्हातारी नेमका भलताच वार कशाला सांगेल? हे त्यांना खुपू लागलं.

"सुगराबी, गंजी जळाली त्या राती यूसुफ कुठं होता?"

"तेच तं सांगून राह्यली! घरी. आभाळ लाल झालं तवा फातेहा चालू होता."

"पण तो तं गुरुवार!"

"दिवस बुडेपर्यंत गुरुवार. मंग जुम्मा लागला ना. आमचा वार दिवस बुडाला का फिरते."

पाटलांनी तोंडात बोट घातलं. आपला वार सूर्य उगवल्यावर बदलतो, तसा साऱ्या जगाचा बदलत असणार, असंच ते धरून चालले होते. रात्र एक, वार दोन, आणि खोटं कोणीच नाही. वकिलानं हे काही शिकवलं नव्हतं.

शालिग्राम इतका वेळ कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता. "हाव," तो म्हणाला, "मी आगीकडे पळालो तवा यांच्या दारातून उदाचा वास आलता. यूसुफचा आवाजबी आयकला होता."

"जाय बा घरी," पाटील यूसुफला म्हणाले. मग सुगराबीकडे वळून नवलानं म्हणाले, "इतकी वर्सं भिंतीला भिंत लागून राह्यतो आपण, अन् मले हे माईतच नोतं!"

"तुम्ही कधी इचारलंच नाई, पाटील," सुगराबी म्हणाली. "आज इचारलं, तेबी पोराले चौकीवर धाडतानी."