आसरांच्या डोहावरचे मामाआजोबा

कर्जतेत एक काळ असा होता, की माझ्या आईचे मामा रस्त्याने येताना दिसले म्हणजे बायका डोक्यावरचा पदर पुढे ओढत, न्हावी घाईघाईने आपला ओटा झाडून घेई आणि कोंबडे, हे मला शपथेवर सांगता येणार नाही, पण शेपट्या आवरून वळचणीला जात. सगळ्या तालुक्यात इतका निरुपद्रवी माणूस दुसरा नव्हता आणि ज्याची लोकांनी इतकी धास्ती घ्यावी असाही दुसरा नव्हता. माझ्या फोटोत वरच्या ओठाच्या कोपऱ्यावर व्रण दिसतो तो कशाचा, असे, नातवंडांनो, तुमच्यातल्या नंदूने मोंबासाहून पत्रात विचारले आहे. ह्या मामाआजोबांना वगळून त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून सगळे क्रमाने सांगते.

मुंबईत प्लेग आला त्याच्या आधीची ही गोष्ट. मामाआजोबा कर्जत स्टेशनात तारमास्तर होते. बायको फार लवकर गेलेली, मूलबाळ नाही. भिसेगावात एकटेच राहत. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतेस जादा इंजिने लागत, त्यामुळे ड्रायव्हर, गार्ड अशी बरीच गोरी मंडळी तेथे राहायला असत आणि त्यांनी मासे धरण्याचा एक क्लब काढला होता. हा क्लब गळाला गांडूळ लावीत नसे. ते त्यांना कमीपणाचे वाटे. गळावर पिसे, केस आणि रेशीम बांधून त्याची खोटी माशी करायची आणि लांब लवचीक काठीने ती पाण्यावर इतकी हलकेच टाकायची, की खरोखरच एखादा किडा पडला असे माशाला वाटावे, अशी त्यांची रीत. मामाआजोबा क्लबाचे एकुलते एक देशी सभासद. त्यांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता. सहलीला साहेब लोक वाळूवर मासे भाजायला बसले, की हे वाऱ्याची दिशा बघून पलीकडच्या अंगाला जात आणि घरून नेलेली दशमी खात. स्वतः धरलेला मासा ते ओंजळीत घेऊन क्षणभर निरखीत, आणि पाहुण्याला दारापर्यंत पोचवावे तसे "या आता" म्हणून पाण्यात सोडून देत. तरीही क्लब त्यांना डोक्यावर घेई, कारण त्यांच्यासारखी माशी बांधणारा माणूस त्या लोकांना विलायतेतही भेटला नव्हता.

ह्या खोट्या माश्यांसाठीच ते गावभर पिसे आणि केस मागत हिंडत. मोराचे पीस, कोंबड्याच्या मानेवरचे पीस, बकरीच्या कानामागची लव, आणि माणसांचे केस. भटजींच्या शेंडीचे टोक त्यांनी सुपारीच्या खांडावर मिळवले होते. ज्याचा केस त्याचे नाव माशीला द्यायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. एकदा त्यांनी मामलेदारांच्या मिशीची माशी बांधली, आणि ती दिवसभर पाण्यावर टाकूनही एकही मासा फिरकला नाही तेव्हा वडिलांना म्हणाले, "अहो, मामलेदार तिथंसुद्धा नुसते तरंगतात." वडील कचेरीत कारकून होते, त्यामुळे ते दार लावून हसले. पण दुसऱ्याचा केस नेऊन पाण्यात सोडणे म्हणजे करणी, अशी तिकडच्या लोकांची पक्की समजूत. आमच्याकडे कामाला येणारी ठमाबाई तर ते आले की आपला अंबाडा मुठीत धरूनच त्यांना पाणी द्यायची. "तुमी माझ्या डोक्याकडं बगू नका, मामा," ती म्हणायची, आणि मामाआजोबा अगदी गंभीरपणे आढ्याकडे बघून पाणी पीत.

मी नऊदहा वर्षांची असताना मला मुदतीचा ताप आला. तापाने डोके तापू नये म्हणून माझे केस कापले. ते उन्हाने तांबूस झालेले होते, आणि अशा रंगाच्या शोधात मामाआजोबा बरेच दिवस होते. त्यांनी आईला विचारले आणि घाबरलेल्या आईने ते काय म्हणताहेत हे न ऐकताच मान हलवली. त्या रविवारी क्लब भिसेगावाच्या वरच्या अंगाला उल्हास नदीवर गेला होता. तेथे आसरांचा डोह म्हणून एक जागा होती. काठावर शेंदूर फासलेले सात दगड, त्याच साती आसरा, पाण्यातल्या बाया. डोह इतका काळा, की वरच्या करंजाचे पान पडले तरी त्याची सावली दिसायची नाही. गुरे तेथे पाणी पीत नसत. काठावर बोललेले बोल पलीकडच्या कड्यावरून परत येत, पण थोडे उशिरा, कोणीतरी आधी ऐकून घेऊन मग सोडल्यासारखे. त्या डोहात मामाआजोबांनी माझी, म्हणजे 'मनी' नावाची, माशी टाकली. एका मोठ्या खडस माशाने ती घेतली, दोरा तोडला आणि तळ गाठला.

आता हे त्यांनी घरी येऊन कसे सांगावे? ओसरीवर चढता चढता, आईपुढे दोन्ही हात पसरून, "गोदे, एवढा खडस! मनीला घेऊन थेट तळाला गेला गं!" आत मी ग्लानीत होते. ठमाबाईच्या हातचा तांब्या खाली पडला. आणि त्याच संध्याकाळी माझा ताप चढला.

"आसरांनी केस धरला म्हंजी पोरीला धरली," ठमाबाई आईला म्हणाली. "त्यो केस भायेर काडा, नायतर पोर नाय उठायची. मामा, तुमीच दिलीत, तुमीच आना."

"अगं, तो एक मासा आहे," मामाआजोबा म्हणाले. "त्याला कोणाचा केस आणि कोणाचं काय! हा सगळा योगायोग."

आईने फक्त त्यांच्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी तारमास्तरांनी नोकरीत पहिल्यांदा रजा मागितली आणि काठी घेऊन डोहावर गेले.

त्या दिवसांतले मला एवढेच आठवते: मी गार वाळूवर पडले आहे, वर हिरवा उजेड हलतो आहे, आणि उजेडापलीकडे छत्रीसारखा एक काळा आकार बसून आहे. शुद्धीवर आल्यावर मी हे सांगितले तेव्हा आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. मामाआजोबा माझ्या उशाशी बसून डोहाच्या गोष्टी सांगत, त्यातूनच तापात हे उठले असणार, असे मी पुढे शिकल्यासवरल्यावर ठरवले आहे. मात्र ते छत्री घेऊन बसतात हे मला त्यांनी सांगितले नव्हते.

शेवटी एका दुपारी तो खडस त्यांच्या गळाला पुन्हा लागला. बरोबर क्लबातला एक म्हातारा ड्रायव्हर होता, आणि आईने साक्षीला पाठवलेली ठमाबाई. मासा काठाशी आणला तर तोंडाच्या कोपऱ्यात माझी तांबूस माशी रुतलेली. "मारो, टार-बाबू, मारो!" ड्रायव्हर ओरडला. "काडा केस, काडा!" ठमाबाई ओरडली. मामाआजोबांनी दोन बोटांत माशी धरून ओढली. ती हाडात बसली होती. ओठ फाटू लागला, रक्त आले, आणि त्याच वेळी, हे आईने मला पुष्कळदा सांगितले आहे, मी घरात किंचाळून तोंडावर हात धरला. डोहावर हे कोणाला ठाऊक नव्हते. मामाआजोबांना एवढेच दिसले, की मासळीचे कल्ले मंदावत चालले आहेत आणि अजून ओढले तर ती हातातच जाईल. त्यांनी नवा गळ तेवढा सोडवला, माझी माशी तशीच राहू दिली आणि तिला पाण्यात उभी धरून ठेवली. ती सावरली तेव्हा म्हणाले, "या आता." कड्यावरून तेच शब्द परत आले; ठमाबाई म्हणायची, बाईच्या आवाजात आले.

आपण मनीचा घात केला, असे समजून ते पाय ओढत घरी आले. दारातच आईने सांगितले, की पोरीला दरदरून घाम आला आहे आणि ताप उतरतो आहे. फक्त ओठ कोपऱ्यात चिरला आहे, कशाने ते कळत नाही. मामाआजोबा ओसरीच्या खांबाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "योगायोग." आणि मला न बघताच परत डोहावर गेले.

तोवर सगळे त्या जनावराला "तो मासा" म्हणत. त्या दिवसापासून घरात ती "ती" झाली. ती आहे तोवर मनी आहे, असे कोणी उघड बोलले नाही, पण मामाआजोबांचे वागणेच बदलले. आसरांच्या डोहात कोणी काठी टाकायची नाही. टाकली तर माशी बांधून मिळणार नाही, असे त्यांनी क्लबाला बजावले. बिचारा क्लब तेव्हापासून बैलगाडीत बसून पळसदरी, खोपोलीवरून थेट खालापुरास पाताळगंगेवर जाऊ लागला, आणि हाडे खिळखिळी करून परत येऊ लागला. मामाआजोबा मात्र ज्या डोहावर त्यांचा जीव होता त्याच्या काठावर नुसतेच बसत. काठी घरी खुंटीला. कामावरून सुटले की छत्री, तिच्यासाठी फुटाण्यांची पुडी आणि ते. कल्याणला बढती आली तर "हवा मानवत नाही" म्हणून नाकारली. कल्याण गाडीने कितीसे लांब! साहेबाने विचारले, "पण तुम्ही तिथे राहिलात कधी?" तर म्हणाले, "म्हणूनच तर प्रकृती चांगली आहे."

डोहावरून ते नीट आमच्याकडे येत आणि मला उजेडात उभी करून बघत. "आज ती वर आली नाही. तुला बरं आहे ना?" कधी म्हणत, "ती जरा रोडावल्यासारखी वाटली," आणि आईला माझ्या भातावर तूप वाढायला लावीत. उलट मला खोकला झाला, की फुटाण्यांऐवजी तिला भिजवलेली डाळ जाई. माझे लग्न ठरले तेव्हा मुलगा, घर, पत्रिका यांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, एवढेच म्हणाले, "चैत्र-वैशाखात नको. पाणी खाली गेलेलं असतं." लोक मनमुराद हसले. मीही हसले. इतकी वर्षे केस पाण्यात टिकतो का, असे मी त्यांना माझे इंग्रजी पुस्तक बंद करून विचारले, तर म्हणाले, "तुझा टिकला." आणि एक गोष्ट त्यांनी मला कधीच करू दिली नाही: मला ते डोहावर नेत नसत. "दोघींनी एकमेकींना बघू नये." का, ते सांगत नसत.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले ते नेमके वैशाखात. डोह आटून पाण्याचा एक काळा तुकडा उरला होता. घाटातल्या खाणीवर सुरुंग लावणारे काही लोक दारू चोरून आणीत आणि पाण्यात उडवून मासे गोळा करीत. ज्या सकाळी माझ्या पोटात दुखू लागले, त्याच सकाळी ते आसरांच्या डोहावर आले. मामाआजोबा तारमास्तराचा कोट घालून, छत्री उघडून कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहिले.

"बाजूला व्हा, मामा," एकजण म्हणाला. "एका माशापायी मराल की वं!"

"एक नाही," मामाआजोबा म्हणाले. "तीन."

ते लोक त्यांना वेडे म्हणत निघून गेले, पण फार लांब नाही. खालच्या कोंडीत, खडकांत अडलेल्या पाण्यात, त्यांनी दारू उडवली. तो आवाज मी खोलीत ऐकला. त्यासरशी माझ्या कळा थांबल्या. खोलीत भर वैशाखात गारवा आला, ओल्या दगडांचा वास आला, आणि सुईण आईकडे आणि आई सुईणीकडे बघत राहिली. मला पुन्हा तो हिरवा उजेड दिसला. वरती छत्रीचा आकार नव्हता.

नव्हता, कारण मामाआजोबा तेव्हा खालच्या कोंडीत, पोटे वर करून तरंगणाऱ्या माशांतून धावत होते. एकेक मासा उचलायचा, त्याच्या तोंडाचा कोपरा बघायचा, ठेवायचा. म्हातारा माणूस शेवटच्या माशापर्यंत गेला. ती त्यांत नव्हती. डोहाशी परत येऊन बसले तेव्हा पाण्यावर एकच मोठे वर्तुळ उठले आणि विरले. तसेच ओलेते ते आमच्या अंगणात येऊन उभे राहिले, पायरीही चढले नाहीत. आतून नुकतेच रडणे ऐकू आले होते, पण ते मुलाचे. त्यांना दुसरेच विचारायचे होते.

"मनी?"

"सुखरूप," आई म्हणाली. "मुलगा झाला, मामा."

ते अंगणातच बसले. कोटातून पाणी ठिबकत होते. "योगायोग," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले. तो मुलगा म्हणजे तुमचे बाबा.

त्यानंतर काही वर्षांनी मामाआजोबा गेले. थंडीत डोहावरून आले, दोन दिवस खोकले आणि गेले. मी सासरहून आले तेव्हा खुंटीला छत्री होती आणि कोटाच्या खिशात फुटाण्यांची अर्धी पुडी. मी त्यांची आज्ञा मोडली. दुपारी एकटी डोहावर गेले, त्यांच्या बसण्याने गुळगुळीत झालेल्या दगडावर बसले आणि फुटाणे टाकले. पाणी काळे आणि गप्प होते. मग खालून काहीतरी मोठे, सावकाश, सरळ माझ्या दिशेने वर येऊ लागले. तांबूस ठिपका दिसला की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी डोळे मिटून घेतले. पाणी हलल्याचा आवाज झाला, फुटाणे संपल्याचा आवाज झाला, आणि मग माझ्या तोंडून निघाले, "या आता." कड्यावरून शब्द परत येण्याची मी वाट पाहिली नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवीत नाही. तुम्हीही ठेवू नका. पण पुष्कळ वर्षे झाली, मी अजून आहे, आणि तो डोह कोणी राखतो की नाही ह्याची चौकशी मी कधीच केलेली नाही. तुम्ही प्रत्येक पत्रात विचारता, आजी, तब्येत कशी आहे? मी लिहिते, चांगली आहे. खरे सांगायचे तर ते मला नक्की कधीच ठाऊक नसते. ते बघून यायला मामाआजोबा होते.